सांधेदुखी आणि बुडणारी मजुरी



या अंकाच्या आरोग्य पानासाठी सांधेदुखी हा विषय घेतला आहे. "त्यात लिहिण्यासारखं काय? वय झालं की गुडघे दुखणारच," असं कुणीही म्हणेल. वस्तीत कुणाला टीबी निघाला, कुणाला कावीळ झाली, तर शेजारपाजारचे धावून येतात. सांधेदुखीसाठी कुणी धावत नाही. या दुखण्यानं माणूस चटकन मरत नाही, म्हणून त्याची मोजदादही होत नाही. पण ज्या घरात हातापायांच्या जोरावर चूल पेटते, त्या घरातून हे दुखणं दर महिन्याला किती पैसे नेतं, याचा हिशेब एकदा मांडून बघा.

हिशेब दोन खात्यांत मांडावा लागतो. पहिलं खातं खाड्याचं. गुडघा सुजला, उठता आलं नाही, कामावर गेलं नाही, रोज बुडाला. हे नुकसान सगळ्यांना दिसतं. दुसरं खातं दिसत नाही. माणूस कामावर जातो, हजेरी लागते, पण काम पहिल्यासारखं होत नाही. सांधेदुखीचं मोठं नुकसान या दुसऱ्या खात्यात असतं.

विडी वळणाऱ्या बाईचं उदाहरण घ्या. पानं भिजवायची, पत्र्याच्या मापानं कात्रीनं कापायची, तंबाखू भरायची, अंगठा आणि पहिल्या दोन बोटांत वळायची, टोकं मोडायची, दोरा बांधायचा. दिवसातून शेकडो वेळा तीच बोटं आणि तीच चिमूट. समजा, एक बाई दिवसाला ८०० विड्या वळत होती आणि बोटं सुजल्यापासून ५५० वळते. दिवसाला २५० कमी. महिन्याचे २५ दिवस धरले तर ६,२५० विड्या गेल्या. तिच्या जुन्या वेगानं मोजलं तर जवळजवळ आठ दिवसांचं काम बुडालं, आणि खाडा एकही नाही. नवरा विचारतो, "रोज बसतेस की, मग पैसे कमी कसे?" त्यात सैल वळलेली विडी नापास होते, तिचे पैसे वेगळे कापले जातात.

रोजंदारीवाल्याचं नुकसान आणखी वेगळ्या तऱ्हेनं होतं. नाक्यावर उभ्या मजुरांतून मुकादम चालण्यावरून माणूस निवडतो. जो लंगडतो त्याला घेत नाही, आणि घेतलाच तर कमी रोज सांगतो. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात. बायकोची मनगटं गेली की अर्धा नव्हे, अख्खा कोयता बसतो. उचल मात्र दोघांच्या नावावर असते आणि खाड्याचे पैसे वर कापले जातात. घरकाम करणाऱ्या बाईची पाच घरं असतात. गुडघे धरले की ती आधी चौथ्या मजल्यावरचं, लिफ्ट नसलेलं घर सोडते, मग फरशीचं काम सोडते, नुसती भांडी ठेवते. दोन वर्षांत पाच घरांची दोन होतात. "काम सोडलं का?" विचारलं तर ती "नाही" म्हणेल, आणि ते खरंच असतं.

पहाटेच्या पाळीची अडचण याहून वेगळी. आमवाताच्या रुग्णाचे सांधे सकाळी सगळ्यांत जास्त आखडलेले असतात. बोटं मिटत नाहीत, चप्पल पायात जात नाही, केस विंचरता येत नाहीत. हे एक-दोन तास चालतं. सफाई कामगाराला नेमक्या त्याच वेळी हजेरी चौकीवर उभं राहायचं असतं. दहा वाजता तीच बाई बऱ्यापैकी झाडू मारताना दिसते, म्हणून मुकादमाला वाटतं सकाळी नाटक करत होती. हा आळस नव्हे, त्या आजाराची ती खूण आहे. पुढचे उपचार ठरवताना डॉक्टरही हेच विचारतात, की सकाळचा आखडलेपणा किती वेळ टिकतो.

या हिशेबात आणखी एक रक्कम आहे आणि ती कुठल्याच मुकादमाच्या वहीत नसते. आईला पाण्याची कळशी उचलवत नाही, भाकरी थापवत नाही, तेव्हा ते काम थोरल्या मुलीकडे जातं. आधी सकाळची शाळा चुकते, मग परीक्षेच्या आठवड्यातले दिवस चुकतात. मी वस्तीत फिरते तेव्हा नववी-दहावीत शाळा सुटलेल्या मुलींच्या घरी आईच्या तब्येतीची चौकशी करते. बऱ्याचदा उत्तर तिथंच सापडतं.

सगळी सांधेदुखी एक नसते

"वात आहे" म्हटलं की विषय संपतो. पण वाताच्या नावाखाली निरनिराळे आजार लपलेले असतात आणि प्रत्येकाचा उपचार वेगळा आहे. पुणे जिल्ह्यात भिगवण गावी डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ पासून घरोघर जाऊन पाहणी केली होती. तिथल्या प्रौढांपैकी साधारण १८ टक्के लोकांना सांधे, स्नायू किंवा हाडांचं दुखणं होतं. आमवात मात्र दर दोनशे माणसांत एखाद्यालाच होता. म्हणजे दुखणं सर्रास आहे, पण त्यातला आमवात वेळीच वेगळा काढता आला पाहिजे.

सगळ्यांत जास्त आढळते ती सांध्याची झीज. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते, ती झिजते. बहुतेक वेळा गुडघे, साधारण पंचेचाळिशी-पन्नाशीनंतर, आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. वजन वाढलेलं, जुनी इजा झालेली, वर्षानुवर्षं उकिडवं बसून किंवा डोक्यावर ओझं वाहून काम केलेलं, अशांना लवकर. काम केलं की दुखतं, बसलं की बरं वाटतं. सकाळी आखडतं, पण अर्ध्या तासाच्या आत मोकळं होतं. जिना उतरताना चढण्यापेक्षा जास्त त्रास होतो.

आमवाताचं नेमकं उलट. तो तिशी-चाळिशीत, ऐन कमावत्या वयात येतो. बायकांना पुरुषांच्या दोन-तीन पट. शरीराची संरक्षण करणारी यंत्रणाच स्वतःच्या सांध्यांवर उलटते. दोन्ही हातांची बोटं, मनगटं, पायांचे चवडे सुजतात, बहुधा दोन्ही बाजूंना सारखेच. विश्रांती घेतली की आखडतात, हालचाल केली की सुटतात. सोबत थकवा, भूक कमी, रक्त कमी, कधी बारीक ताप. कित्येक बायकांना हे बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत सुरू होतं किंवा उफाळतं. मग घरात म्हणतात, "बाळंतपणात वारा लागला." वारा लागलेला नसतो. गरोदरपणात हा आजार बऱ्याच जणींत दबतो आणि बाळंतपणानंतर डोकं वर काढतो, हे डॉक्टरांना ठाऊक आहे. कान बांधून आणि शेक-शेगडी करून तो जात नाही. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हा आजार जास्त होतो आणि जास्त तीव्र असतो, हेही सिद्ध झालेलं आहे.

बाकीचे थोडक्यात सांगते. रात्रीतून अचानक पायाचा अंगठा लालबुंद सुजला, चादरीचा स्पर्शही सोसत नाही, तर ते बहुधा वातरक्त. रक्तात युरिक ॲसिड वाढून त्याचे खडे सांध्यात साठतात. हे पुरुषांत जास्त असतं आणि दारूनं बळावतं. चिकुनगुन्याचा ताप गेला तरी सांधे महिनोन् महिने धरलेले राहू शकतात. २००६ च्या साथीत महाराष्ट्रानं ते अनुभवलं आहे. तो डास दिवसा चावतो आणि आपल्याच पिंपात, ड्रममध्ये वाढतो. म्हणून पाणी झाकून ठेवणं आणि आठवड्यातून एकदा पिंप घासून कोरडं करणं, हा सांधेदुखी टाळण्याचाही उपाय आहे. चाळिशीच्या आतल्या तरुणाची कंबर तीन महिन्यांपेक्षा जास्त दुखते, पहाटे आखडते आणि चालल्यावर मोकळी होते, तर तो मणक्याचा वात असू शकतो. "जड उचललं असेल" म्हणून सोडून देऊ नका.

आणि एकच सांधा, कित्येक आठवडे सुजलेला, सोबत संध्याकाळचा ताप, वजन उतरतंय, असं असेल तर टीबीची तपासणी करा. हाडा-सांध्यांना टीबी होतो. त्याचा उपचार सरकारी दवाखान्यात मोफत आहे. सांधा एकदम गरम, लाल होऊन थंडी-ताप आला तर मात्र सकाळची वाट न बघता त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या. आत पू झाला असेल तर सांधा दिवसांत निकामी होतो.

रक्ततपासणीबद्दल एक गोष्ट. 'आर. ए. फॅक्टर' निगेटिव्ह आला म्हणून आमवात नाही, असं नसतं. पॉझिटिव्ह आला म्हणून आहेच, असंही नसतं. नुसता कागद हातात घेऊन मेडिकलवाल्याला विचारू नका. सुजलेली बोटं डॉक्टरच्या हातात द्या.

कामावर उभं राहण्यासाठी खाल्लेली गोळी

रजा नाही, रोज बुडवता येत नाही, म्हणून गोळी. वस्तीतल्या मेडिकलवर "गुडघ्याची गोळी" मागितली की कागदात बांधून दोन-तीन रंगांच्या गोळ्या मिळतात. कामावर जाण्याआधी एक, रात्री एक. वर्षानुवर्षं. परिचारिका म्हणून वॉर्डात काम करताना मी याचा शेवट पाहिला आहे. रक्ताची उलटी होऊन आलेला हमाल, मूत्रपिंडं निकामी होऊन डायलिसिसला लागलेली भाजीवाली. दोघांच्याही पिशवीत डायक्लोफिनॅकच्या पट्ट्या होत्या.

डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक ही औषधं वाईट नाहीत. थोडे दिवस, जेवणानंतर, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घ्यायला हरकत नाही. पण रोज घेतली तर जठरात व्रण होतात, बीपी वाढतं, मूत्रपिंडावर ताण येतो. आता आपल्या बायांचं रोजचं वागणं बघा. सार्वजनिक शौचालय लांब, रांग मोठी, आणि गुडघे दुखत असल्यानं उकिडवं बसणं म्हणजे शिक्षा. कामाच्या ठिकाणी शौचालय वापरू देत नाहीत. म्हणून बाई दिवसभर पाणीच पीत नाही. उन्हात काम, अंगात पाणी कमी आणि वरून ही गोळी, हे तिन्ही मूत्रपिंडाच्या मुळावर येतं. ज्यांना बीपी, शुगर, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे त्यांनी या गोळ्या स्वतःच्या मनानं घेऊच नयेत. साध्या दुखण्याला डॉक्टर आधी पॅरासिटामॉल किंवा सांध्यावर चोळायचं मलम देतात. तेवढ्यानं भागत असेल तर तेवढंच घ्या.

याहून धोकादायक म्हणजे पुड्या. "जडीबुटीची आहे, साइड इफेक्ट नाही" असं सांगून पुडी विकली जाते आणि दोन दिवसांत बाई पळायला लागते. एवढा झटपट गुण आला की समजा, त्यात बहुधा स्टिरॉइड मिसळलेलं आहे. अशा पुड्यांत ते मिसळलेलं वेळोवेळी सापडलेलं आहे. काही महिन्यांत चेहरा चंद्रासारखा गोल होतो, पोट सुटतं, कातडी पातळ होते, शुगर वाढते, हाडं ठिसूळ होतात, दबलेला टीबी वर येतो. लोक म्हणतात, "तब्येत सुधारली." ती सुधारलेली नसते, सुजलेली असते. आणि कुणी घाबरून एकदम पुडी बंद केली तरी धोका आहे. शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवायचं विसरलेलं असतं. बीपी एकदम उतरून माणूस कोसळू शकतो. म्हणून महिनोन् महिने पुडी घेतली असेल तर ती पुडी घेऊनच डॉक्टरकडे जा, लाजू नका. ते हळूहळू कमी करून देतील. डॉक्टर स्वतःही आमवातात स्टिरॉइड देतात, पण मोजून आणि थोड्या काळासाठी.

आमवाताची खरी औषधं दुखणं मारणारी नसतात, आजाराला लगाम घालणारी असतात. त्यातलं मुख्य मेथोट्रेक्सेट. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर रक्तपेशी इतक्या खाली जातात की जिवावर बेततं. घरात एक वार ठरवा आणि कॅलेंडरवर खूण करा. घरातल्या ज्याला वाचता येतं त्यानं त्या दिवशी गोळी हातात द्यावी. सोबत फॉलिक ॲसिडची गोळी देतात, ती टाळू नये. दारू पूर्ण बंद. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांना सांगावं, कारण हे औषध गर्भाला घातक आहे. दर दोन-तीन महिन्यांनी रक्त, यकृत, मूत्रपिंडाची तपासणी करावी लागते. या औषधाचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. तिसऱ्या आठवड्यात "काही फरक नाही" म्हणून सोडणारे रुग्ण मी खूप पाहिले. पहिल्या तीन-सहा महिन्यांत उपचार सुरू झाला तर पुष्कळ जण पूर्ववत काम करतात. बोटं एकदा वाकडी झाली की गोळीनं सरळ होत नाहीत. मुंबईचं केईएम, जेजे, सायन, पुण्याचं ससून, नागपूरचं मेडिकल, संभाजीनगरची घाटी अशा सरकारी आणि पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत तपासणी कमी खर्चात होते. जायला एक रोज बुडतो खरा, पण तो पुढचे कित्येक रोज वाचवतो.

आंबट खाऊ नका, वांगं नको, बटाटा नको, डाळ नको, अशी पथ्यं सांगणारे गल्लोगल्ली आहेत. वातरक्त सोडलं तर या पथ्यांना काही आधार नाही. वातरक्तात दारू बंद आणि काळीज-कलेजी, मटण कमी करावं. आमवाताच्या बाईचं आधीच रक्त कमी असतं. तिची डाळ, अंडी, मासळी काढून घेतली तर सांधे सुधारत नाहीत, अंगातली ताकद मात्र जाते.

काम न सोडता सांधे सांभाळणं

झिजलेल्या गुडघ्याला सगळ्यांत चांगलं औषध म्हणजे मांडीचा स्नायू बळकट करणं. खुर्चीवर किंवा ओट्यावर बसा, एक पाय समोर सरळ करा, दहा आकडे मोजेपर्यंत ताणून धरा, खाली सोडा. एकेका पायाला दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. दुसरा प्रकार झोपून. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि गुडघ्यानं ती खाली दाबा. पैसे लागत नाहीत, जागा लागत नाही. पण दोन-तीन महिने नेमानं केल्याशिवाय फरक कळत नाही. "दिवसभर काम करते, आणखी व्यायाम कशाला?" असं बाया विचारतात. कामात तेच तेच सांधे झिजतात, व्यायामात त्यांना आधार देणारे स्नायू वाढतात. वजन जास्त असेल तर एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. पाच किलोंचा फरक केवढा पडेल बघा.

आमवातात बोटं आखडतात तेव्हा उठल्यावर कोमट पाण्याच्या पातेल्यात हात दहा मिनिटं ठेवून मिटा-उघडा करा. कामाला निघायच्या तासभर आधी उठणं जिवावर येतं, पण आखडलेपणा घरात सोडून निघता येतं. लाल, गरम, सुजलेल्या सांध्याला मात्र शेक देऊ नका आणि रगडून मालिश तर नकोच. तिथं गार पाण्याची पट्टी ठेवा.

हत्यारं थोडी बदला. झाडूचा दांडा, उलथणं, लाटणं, कोयत्याची मूठ, या सगळ्यांवर जुनं कापड किंवा सायकलची ट्यूब गुंडाळून पकड जाड करा. मूठ जितकी बारीक, तितका बोटांवर ताण जास्त. फरशीचं फडकं हातानं पिळण्याऐवजी नळाला वेढा देऊन दोन्ही टोकं एकत्र धरून पिळा. बादली भरून एक खेप करण्यापेक्षा अर्धी-अर्धी दोन खेपा करा. पिशवी बोटांत लटकवू नका, कोपरात किंवा खांद्यावर घ्या. भांडी घासायला उकिडवं बसण्याऐवजी उंच पाट किंवा प्लास्टिकचं स्टूल घ्या. अर्ध्या तासानं काम बदला. वळून झालं की पानं कापा, कापून झालं की जरा उठा.

घरकाम करणाऱ्या बायांनी मालकिणीकडे लांब दांड्याचा पोछा मागावा. "त्यानं कोपरे निघत नाहीत" हे उत्तर मला पाठ झालं आहे. कोपरे हातानं पुसू, मधली फरशी उभ्यानं पुसू, एवढं तरी ठरवून घ्या. एका बाईनं एकटीनं मागण्यापेक्षा त्या इमारतीतल्या सगळ्या बायांनी मिळून मागितलं तर लवकर मिळतं. वस्तीच्या शौचालयात एखादी तरी खुर्चीची सीट आणि भिंतीला धरायला लोखंडी दांडी बसवा, अशी मागणी नगरसेवकाकडे किंवा वॉर्ड ऑफिसात लेखी द्या. घरी मोरी असेल तर मधे भोक असलेली प्लास्टिकची खुर्ची चालते. आणि विहारात ज्येष्ठांसाठी चार खुर्च्या ठेवा. गुडघे दुखतात म्हणून वंदनेला न येणाऱ्या कितीतरी आज्या मला माहीत आहेत.

हक्काचं काय?

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते. त्याच काळात कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचं काम प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे दिलं गेलं आणि १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला. त्यातून पुढे १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा झाला. तीच ही आपली ईएसआय. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या, योजना लागू असलेल्या आस्थापनेतल्या कामगाराला ती मिळते. कंत्राटी कामगारालाही. तुमच्या पगारातून पाऊण टक्का कापतात, मालक सव्वातीन टक्के भरतो. म्हणजे १५,००० पगाराला तुमचे साडेबारा अधिक शंभर, असे ११२ रुपये ५० पैसे.

यात औषधोपचार तर आहेच, पण आजारपणाचा भत्ताही आहे, आणि तोच लोकांना माहीत नसतो. सहा महिन्यांच्या वर्गणीच्या काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर आजारपणात सरासरी मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. त्यासाठी ईएसआयच्या डॉक्टरचा दाखला लागतो. खासगी दवाखान्यात जाऊन, घरी पडून राहून, बरं झाल्यावर दाखला मागायला गेलं तर अडचण येते. आमवात उफाळला की पहिल्याच दिवशी ईएसआयच्या दवाखान्यात नाव नोंदवा. कंत्राटदार पैसे कापतो पण कार्ड देत नाही, अशी तक्रार बऱ्याच जणांची असते. पगाराच्या चिठ्ठीवर कपात बघा आणि आपला दहा अंकी विमा क्रमांक मागून घ्या.

कायम नोकरीतल्या सफाई कामगारांसाठी एक वेगळी सूचना. गुडघे गेले की घरात बोलणं सुरू होतं, "आता कागद टाक, पोराला लाड-पागेतून लागू दे." पोराला नोकरी मिळावी ही इच्छा मला समजते. पण त्याआधी हे माहीत असू द्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २० प्रमाणे नोकरीत असताना अपंगत्व आलं, तर सरकारी आस्थापनेला त्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही किंवा पद खाली आणता येत नाही. जमत नसलेल्या कामावरून त्याच पगारात दुसऱ्या कामावर घ्यावं लागतं. त्यामुळे अधिकाऱ्यानं "सही कर" म्हटलं म्हणून कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करू नका. आधी हलक्या कामासाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. संधिवात हे नाव कायद्याच्या २१ अपंगत्वांच्या यादीत वेगळं नाही, पण त्यानं हातापायांची हालचाल गेली असेल तर ती चलनवलनाच्या अपंगत्वात मोजली जाते. सवलतींसाठी ४० टक्के किंवा त्याहून जास्त लागतं. प्रमाणपत्र सरकारी रुग्णालयात मिळतं, अर्ज ऑनलाइन भरावा लागतो.

घरकाम, विडी, नाका, कचरावेचणी या कामांत यातलं बरंच काही लागू नाही. तिथं रजा म्हणजे उपास. घरेलू कामगारांसाठी राज्याचा २००८ चा कल्याण मंडळाचा कायदा आहे, बांधकाम कामगारांचं वेगळं मंडळ आहे. बांधकामात वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला दिला की नोंदणी होते. नोंदणी चालू ठेवा, नूतनीकरणाची तारीख चुकवू नका. गुडघा पार निकामी होऊन तो बदलायची वेळ आली, तर कृत्रिम सांध्याच्या किमतीवर केंद्र सरकारनं ऑगस्ट २०१७ पासून मर्यादा घातलेली आहे. बिलात सांध्याची किंमत वेगळी लिहून मागा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. कोणती शस्त्रक्रिया योजनेत बसते, कोणते कागद लागतात, हे पैसे भरण्याआधी त्याला विचारा.

आता दवाखान्यात जाण्याआधीची तयारी. ओपीडीत डॉक्टरांना दोन मिनिटं असतात. "सगळं अंग दुखतं" म्हटलं की गोळी मिळते आणि पुढचा रुग्ण आत येतो. म्हणून आधी पंधरा दिवस शाळेच्या जुन्या वहीत रोज चार गोष्टी लिहा, किंवा लेकराकडून लिहून घ्या. सकाळी सांधे किती वेळ आखडलेले होते. कोणते सांधे सुजले, दोन्ही बाजूंचे की एकच. त्या दिवशी काम किती झालं, म्हणजे किती विड्या, किती घरं, किती खेपा, आणि आधी किती व्हायचं. कोणती गोळी, पुडी किंवा मलम घेतलं. जुन्या पट्ट्या आणि पुड्या त्याच पिशवीत टाका. ही वही डॉक्टरांपुढे ठेवा आणि दोनच प्रश्न विचारा. हा वात कोणत्या प्रकारचा आहे, आणि ही गोळी किती दिवस घ्यायची?